नवशिक्यानें जपानी चित्रमालिका कोणत्या पाहाव्या?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यांत 'ॲनिमे' हा शब्द वारंवार येऊं लागला आहे. मधल्या सुटींत दोघे भेटले कीं अमक्या मालिकेचा कितवा भाग झाला याची चौकशी होते, आणि ज्यानें एकहि मालिका पाहिलेली नसते, तो बाजूला उभा राहून विचारतो, "मीं कोठून सुरुवात करावी?" त्यास मिळणारें उत्तर बहुधा ठरलेलें असतें. जी मालिका त्या महिन्यांत सर्वांत गाजत असेल, तिचें नांव त्यास सांगण्यांत येतें. इकडे पालकांपैकीं कांहीं म्हणतात, "एवढा मोठा घोडा झाला, तरी कार्टून पाहतो!" तर कांहीं म्हणतात, "कार्टूनच आहे ना? पाहूं द्या." पहिले उगाच रागावतात व दुसरे उगाच निश्चिंत होतात. म्हणून नवशिक्या विद्यार्थ्यानें कोणती मालिका प्रथम घ्यावी, कोणती मागाहून घ्यावी आणि ती कशी पाहावी, याचा थोडा व्यवस्थित विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा विषय रांजणगांवास अगदीं परका आहे असें नाहीं. महागणपतीच्या दर्शनास येणारा यात्रेकरू पुणें–अहिल्यानगर रस्त्यानें येतो, तेव्हां देवळाच्या कळसाबरोबर त्यास औद्योगिक वसाहतीच्या पाट्याहि दिसतात. त्याच वसाहतींतील एल्‌जी कंपनीच्या कारखान्यांत दूरचित्रवाणी संच तयार होतात. पुष्कळ मुलांचे वडील, चुलते व भाऊ या वसाहतींत पाळीवर जातात. संच कसा जुळवावा हें आमच्या गांवानें शिकून घेतलें. त्या संचांत काय पाहावें, हें शिकणें मात्र राहून गेलें. कविता कशी वाचावी हें शाळेंत शिकवितात. गोष्ट सांगणारें हलतें चित्र कसें निवडावें व कसें पाहावें, हेंहि तितक्याच आस्थेनें शिकण्याजोगें आहे.

प्रथम ॲनिमे म्हणजे काय तें पाहूं. इंग्रजींतील 'ॲनिमेशन' या शब्दाचा जपानी लोकांनीं केलेला हा संक्षेप होय. जपानांत या शब्दानें कोणतेंहि चित्रांकित चलच्चित्र समजतात. जपानाबाहेर मात्र जपानांत तयार झालेल्या अशा चित्रपटांस व मालिकांसच ॲनिमे म्हणण्याचा प्रघात आहे. निर्जीव वस्तूस पडद्यावर चालविण्याची ही विद्या महाराष्ट्रांतहि जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१५ सालीं 'आगकाड्यांची मौज' या लघुपटांत काड्यापेटींतील काड्यांस चालतें केलें. काडी किंचित् सरकवावयाची व एक चित्र घ्यावयाचें. पुन्हां सरकवावयाची व पुन्हां चित्र घ्यावयाचें. अशीं चित्रें झरझर डोळ्यांपुढून गेलीं कीं काडी आपण होऊन चालते असा भास होतो. चितारलेल्या पात्रांचें रहस्यहि हेंच आहे.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटी दाखवितो. प्रत्येक चौकटीसाठीं नवें चित्र काढावयाचें म्हटल्यास २४ मिनिटांच्या एका भागाला ३४,५६० चित्रें लागतील. ओसामु तेझुका या जपानी चित्रकारानें १ जानेवारी १९६३ रोजीं एका यंत्रबालकाची साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हां दर आठवड्यास इतकीं चित्रें काढणें अशक्य होतें. मग त्यानें काटकसर योजिली. एकच चित्र तीन चौकटींपर्यंत ठेवावें. माणूस बोलत असतां केवळ ओठ हलवावे. डोंगर, आकाश किंवा गर्दी यांचें स्थिर चित्र ठेवून त्यावरून दृष्टि फिरवावी. आणि एकदां काढलेलें चित्र जपून ठेवून पुन्हां वापरावें. या काटकसरींतून ॲनिमेची खास लकब घडत गेली. नवख्या प्रेक्षकास ती प्रथम चमत्कारिक वाटते. पात्रें मधेंच स्तब्ध होतात, डोळे वाजवीपेक्षां मोठे असतात, आणि संकोच दाखवावयाचा तर कपाळावर घामाचा एकच मोठा थेंब काढलेला असतो. परंतु कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी काय करितात हें आठवा. स्थिर चित्र ते प्रेक्षकांपुढें धरितात आणि आवाजानें व वाद्यानें त्यांत प्राण ओततात. चित्र हललें नाहीं म्हणून श्रोत्यांचें कांहीं अडत नाहीं. ॲनिमे पाहतांना हीच दृष्टि ठेवावी, म्हणजे पहिल्या दोन भागांतच डोळा सरावतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. चित्र म्हणजे लहान मुलांची करमणूक, हा समज सोडून द्यावा. ग्रंथालयांत बालबोध पुस्तकें असतात आणि प्रौढांच्या कादंबऱ्याहि असतात. त्याचप्रमाणें ॲनिमेंत चार वर्षांच्या मुलापासून साठ वर्षांच्या गृहस्थापर्यंत प्रत्येकासाठीं निरनिराळ्या कृति आहेत. इसाओ ताकाहाता यांचा १९८८ सालचा 'काजव्यांचें थडगें' या अर्थाच्या नांवाचा चित्रपट घ्या. दुसऱ्या महायुद्धांत आईबापांस मुकलेलीं दोन भावंडें कोबे शहराच्या परिसरांत अन्नावांचून कशीं झिजत जातात, याची ती कथा आहे. तो श्रेष्ठ चित्रपट होय. पण 'कार्टूनच आहे' म्हणून पांचव्या इयत्तेंतील मुलास तो एकट्यानें पाहूं देणें हा निष्काळजीपणा होईल. याच्याहि पलीकडे रक्तपाताच्या व प्रौढ विषयांच्या मालिका आहेत, आणि चित्रावरून त्यांची जात चटकन् ओळखूं येत नाहीं.

आतां पालकांस एक गंमत सांगतों. तुमच्यापैकीं पुष्कळांनीं ॲनिमे लहानपणींच पाहिलें आहे. १९९३ सालीं दूरदर्शनवर रविवारीं मोगलीची मालिका लागत असे. रड्यार्ड किप्लिंग यांचा जन्म १८६५ सालीं मुंबईस झाला. त्यांच्या गोष्टींतलें रान सिवनीचें, म्हणजे आपल्या नागपूरच्या उत्तरेकडचें. १९८९ सालीं त्या गोष्टी ५२ भागांत चितारल्या जपानी कलावंतांनीं. आणि हिंदींत शेरखानास आवाज दिला नाना पाटेकर यांनीं. ती मालिका जपानी आहे हें त्या वेळीं किती जणांस ठाऊक होतें? तसेंच 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' या चित्रपटाचें. युगो साको हे जपानी गृहस्थ १९८३ सालीं भारतांत आले असतां रामकथेनें भारावून गेले. त्यांनीं १९९२ सालीं पूर्ण केलेल्या या चित्रपटाच्या दिग्दर्शनांत राम मोहन यांचा हात होता. राम मोहन हे मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागांत १९५६ पासून घडलेले कलावंत. २०१४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २४ जानेवारी २०२५ रोजीं हा चित्रपट भारतांतील चित्रपटगृहांत पुन्हां लागला. रामायणाशीं ज्यांचा परिचय आहे अशा घरानें ॲनिमेची चित्रपद्धति समजून घेण्यासाठीं या चित्रपटापासून आरंभ केल्यास हरकत नाहीं. कथा पाठ असल्यामुळें सारें लक्ष चित्राकडे देतां येतें.

२००५ पासून भारतांत दिसूं लागलेला डोरेमॉन तर घरोघरीं माहीत आहे. बाविसाव्या शतकांतून आलेला हा यंत्रमांजर जपानांत इतका मान्य आहे कीं मार्च २००८ मध्यें तेथील परराष्ट्र मंत्रालयानें त्यास ॲनिमेचा राजदूत नेमिलें. लहानांनीं तो अवश्य पाहावा. परंतु नोबिता आज चुकतो, त्याची फजिती होते, आणि उद्यां तो पुन्हां होता तसाच असतो. त्यांत कोणी मोठें होत नाहीं. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यास यापुढची पायरी हवी. ती निवडण्यासाठीं आम्ही तीन कसोट्या सुचवितों.

पहिली कसोटी: मालिका संपणारी असावी. एक भाग सुमारें २४ मिनिटांचा असतो. 'वन पीस' ही समुद्री चांच्यांची प्रसिद्ध मालिका २० ऑक्टोबर १९९९ रोजीं सुरू झाली व तिचे ११०० हून अधिक भाग झाले आहेत. गणित मांडून पाहा: ११०० भागांस २६,४०० मिनिटें, म्हणजे ४४० तास. रोज एक भाग पाहिला तरी तीन वर्षें लागतात. आठवींत आरंभ करणाऱ्याची दहावी त्यांतच निघून जाईल. ती मालिका वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पोहावयास शिकणारा मुलगा पहिल्या दिवशीं घोड नदीच्या पुरांत उडी घेत नाहीं, एवढेंच आमचें सांगणें आहे. नवशिक्यानें बारा ते पंचवीस भागांची मालिका घ्यावी. आरंभ, मध्य व शेवट एकत्र डोळ्यांपुढें आल्यावांचून कथेचा घाट कळत नाहीं.

दुसरी कसोटी: मालिकेचा विषय आपल्या जीवनाच्या जवळचा असावा. शेत, शाळा, घर, खेळ, शरीर यांविषयींची कथा परदेशची असली तरी तिची परीक्षा आपण करूं शकतों. गाईची धार काढणारा मुलगा पडद्यावरील गोठा खरा आहे कीं खोटा हें तत्काळ ओळखतो. ज्याची परीक्षा करितां येते तेंच पाहणें शिक्षण होतें. बाकीचें नुसतें दिपून जाणें होय.

तिसरी कसोटी: घरांतील मोठ्या माणसांबरोबर बसून ती पाहतां यावी. २०२१ च्या नियमांनुसार आपल्या देशांत इंटरनेटवरून दाखविल्या जाणाऱ्या कार्यक्रमांवर वयाची खूण असते: सर्वांसाठीं, सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील, सोळा वर्षांवरील व केवळ प्रौढांसाठीं. भाग सुरू होतांच ती खूण दिसते. पालकांनीं ती वाचावी, आणि पहिला भाग तरी मुलाशेजारीं बसून पाहावा.

या कसोट्यांस उतरणाऱ्या कांहीं कृति आतां क्रमानें सांगतों. त्या कोठें उपलब्ध आहेत हें वरचेवर बदलत असल्यामुळें आम्ही केवळ नांव व साल देतों. पाहतांना अधिकृत ठिकाणींच पाहाव्या, कारण चित्रें काढणाऱ्यांचें पोट त्यावर अवलंबून असतें.

ज्यास अजून काहींच ठाऊक नाहीं त्यानें मालिकेच्या आधीं एक चित्रपट पाहावा: 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांचें हें पुस्तक १९८१ सालीं निघालें आणि चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळें तें मराठी वाचकांसहि सुपरिचित झालें आहे. शाळेंतून काढून टाकलेली एक चिमुरडी आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या तोमोए शाळेंत येते, आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटींत तिचें बोलणें कित्येक तास ऐकून घेतात. या कथेवरील चित्रपट डिसेंबर २०२३ मध्यें जपानांत प्रदर्शित झाला. आधीं मराठी पुस्तक वाचावें व मग चित्रपट पाहावा. शब्दांनीं जें सांगितलें तें चित्रानें कसें सांगितलें, काय गाळलें, काय वाढविलें, याची तुलना करितां आली म्हणजे नवशिक्याचा पहिला धडा झाला.

त्यानंतर जी मालिका रांजणगांवच्या विद्यार्थ्यानें सर्वांत आधीं घ्यावी असें आम्हांस वाटतें, तिचें नांव 'गिन नो साजी', म्हणजे 'चांदीचा चमचा'. इंग्रजींत ती 'सिल्व्हर स्पून' या नांवानें ओळखली जाते. २०१३ व २०१४ या सालीं तिचे अकरा-अकरा भागांचे दोन हप्ते आले. बावीस भागांस सारे मिळून ५२८ मिनिटें, म्हणजे नऊ तासांहूनहि कमी वेळ लागतो. रोज एक भाग पाहिला तरी ती बावीस दिवसांत पुरी होते. मूळ चित्रकथा लिहिणाऱ्या हिरोमु आराकावा या होक्काइदो बेटावरील शेतकरी कुटुंबांतल्या. त्यांनीं स्वतः घरच्या शेतीवर कांहीं वर्षें काम केलें आहे, आणि तें प्रत्येक भागांत जाणवतें.

कथा अशी आहे. हाचिकेन नांवाचा साप्पोरो शहरांतला हुशार मुलगा गुणांच्या शर्यतींत थकून जातो. वडिलांच्या नजरेपासून दूर जावें एवढ्याच हेतूनें तो वसतिगृह असलेल्या एका कृषिविद्यालयांत नांव घालतो. पहाटे उठून गोठा झाडावा लागेल, हें त्याच्या स्वप्नींहि नसतें. अंडें कोंबडीच्या शरीरांतून कोठून येतें हें पाहून त्याचें जेवणावरचें मन उडतें. आणि भोंवतालचीं शेतकऱ्यांचीं मुलें त्यास हंसतात. परंतु हीच मुलें गणितांत अडलीं कीं त्याच्याकडे येतात. शहरचा मुलगा खेड्याकडून व खेड्यांतलीं मुलें शहराकडून काय शिकतात, तें येथें उपदेशाचा एक शब्दहि न काढतां दाखविलें आहे.

मालिकेचें खरें बळ पुढें दिसतें. मिकागे नांवाची मुलगी घरच्या गोठ्याची एकुलती वारस आहे; तिला मात्र घोड्यांचें काम करावयाचें आहे, आणि हें घरीं सांगण्याचें धैर्य तिला होत नाहीं. कोमाबा हा तिचा शेजारी बेसबॉलचा उत्तम खेळाडू आहे. व्यावसायिक खेळाडू होऊन घरचें कर्ज फेडावें, ही त्याची आकांक्षा. त्याचा संघ निर्णायक सामना हरतो, गोठा कर्जांत बुडतो, गाई जातात आणि कोमाबा शाळा सोडतो. त्याच्या कर्जास मिकागेचें घर जामीन राहिलेलें असतें. म्हणून त्या घरचे घोडेहि विकावे लागतात. हाचिकेन रडतो, चिडतो, आणि त्यास कळतें कीं आपल्या हुशारीनें हें कर्ज फिटणार नाहीं. तरी मित्राजवळ उभें राहणें त्याच्या हातीं असतें, आणि तें तो करितो.

शिरूर व दौंड तालुक्यांतील वाचकास याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. कांद्याचा भाव पडला म्हणजे घरांत काय होतें, सोसायटीच्या कर्जास कोण कोणास जामीन राहतो, आणि दहावी झालेल्या मुलानें बापाची जमीन पाहावी कीं वसाहतींत पाळीवर जावें, हे आमच्या घरोघरचे प्रश्न आहेत. ते असूनहि घरांत फार थोडे बोलले जातात. बाप मुलाच्या अभ्यासाकडे पाहून गप्प बसतो. मुलगा बापाच्या चेहऱ्याकडे पाहून गप्प बसतो. अशा घरांत कोमाबाची गोष्ट दोघांनीं शेजारीं बसून पाहिली, तर "त्याच्या बापानें आधीं सांगावयास पाहिजे होतें," एवढें एक वाक्य तरी कोणाच्या तोंडून निघेल. परक्याच्या कथेच्या आडून स्वतःचें बोलणें सोपें जातें. एखाद्या मालिकेनें एवढें केलें तर तिच्यावर घालविलेले नऊ तास सत्कारणीं लागले असें आम्ही समजूं.

येथें एक सूचना देणें आमचें कर्तव्य आहे. या मालिकेंत डुकरें व कोंबड्या पाळणें, मारणें व खाणें हा विषय स्पष्टपणें येतो. हाचिकेन एका अशक्त डुकराच्या पिलास जीव लावतो. तें कत्तलीस जाणार हें ठाऊक असूनहि त्यास वाढवितो, आणि शेवटीं सुटींत कमावलेल्या पैशांनीं त्याचें मांस स्वतः विकत घेतो. माळकरी घरास हा भाग जड जाईल, आणि डुकराचें नांवहि ज्यांस वर्ज्य आहे अशा घरासहि जड जाईल. अशा घरानें मालिका टाळली तर त्यांत गैर कांहीं नाहीं. ज्यांनीं ती पाहिली त्यांस मात्र दिसेल कीं प्राण्याचा जीव हलका आहे असें ती कोठेंहि म्हणत नाहीं; आपल्या ताटांतला घास कोणाच्या जिवावर येतो, हा प्रश्न ती मुलांपुढें ठेवते व त्याचें उत्तर मुलांवर सोडते.

ज्यांस विज्ञानाची गोडी आहे त्यांनीं 'हाताराकु साइबोउ', म्हणजे 'राबणाऱ्या पेशी', ही २०१८ सालची तेरा भागांची मालिका घ्यावी. हिच्यांत मानवी शरीर हें एक मोठें नगर आहे. तांबडी पेशी ही प्राणवायूच्या पेट्या पोंचविणारी हमालीण. पांढरी पेशी हा जंतूंवर तुटून पडणारा शिपाई. आणि जखम बुजविणाऱ्या रक्तबिंबिका म्हणजे एकमेकींचे हात धरून धांवणारीं चिमुकलीं मुलें. खरचटणें, इन्फ्लुएंझा, परागकणांची ॲलर्जी, उष्माघात असे विषय एकेका भागांत येतात. चैत्र-वैशाखांत आमच्याकडील ऊन कसें असतें हें सर्वांस ठाऊक आहे. उष्माघाताच्या भागांत घाम सुकल्यावर शरीराची काय गत होते, तें पाहून टोपी व पाण्याची बाटली यांचें महत्त्व न सांगतां पटतें. लढाईच्या प्रसंगीं रक्त पुष्कळ उडतें, म्हणून अगदीं लहानांस ही दाखवूं नये. पाहून झाल्यावर पाठ्यपुस्तकांतील रक्ताचा धडा उघडावा, आणि मालिकेंतील कोणतें चित्र शास्त्रास धरून आहे व कोणतें केवळ कल्पनेचें, हें वहींत दोन रकान्यांत लिहावें.

भाषेची व पाठांतराची आवड असणाऱ्यांस 'चिहायाफुरु' सुचवितों. हिचा पहिला हप्ता २०११-१२ सालचा असून त्याचे पंचवीस भाग आहेत. जपानांत शंभर कवींच्या शंभर प्राचीन कवितांचा एक संग्रह आहे. त्यांच्या उत्तरार्धांचीं पानें चटईवर मांडतात. वाचक पूर्वार्ध म्हणूं लागला कीं ज्यास कविता पाठ असेल तो ओळखून पान झडप घालून उचलतो. आपल्या भेंड्यांत शेवटचें अक्षर पकडावयाचें असतें, येथें पहिलें. परंतु पाठांतर, कान व चपळाई हे गुण दोहींकडे तेच. तीन शाळकरी मित्र या खेळाच्या नादानें कसे जवळ येतात, दुरावतात व पुन्हां भेटतात, याची ही कथा आहे. पाठांतर म्हणजे घोकंपट्टी असें ज्यांस वाटतें, त्यांनीं ही मालिका आवर्जून पाहावी.

पांचवी-सहावीच्या मुलांसाठीं 'हायडी' ही १९७४ ची मालिका उत्तम. स्विस लेखिका योहाना स्पीरी यांच्या कथेवरून ती ताकाहाता यांनीं केली. तिच्या चित्रांसाठीं कलावंत १९७३ सालीं प्रत्यक्ष स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर व घरें पाहून आले. भाग ५२ असल्यामुळें ती पहिल्या कसोटीस थोडी लांब पडते. पण तिची गति संथ आहे व आठवड्यास दोन भाग पाहिल्यास मुलांवर ताण पडत नाहीं. आजोबांजवळ डोंगरावर राहणारी ती मुलगी आमच्या शेळ्या राखणाऱ्या मुलांस परकी वाटणार नाहीं.

आतां पाहण्याच्या रीतीविषयीं थोडेंसें. दिवसास एक भाग, फार तर दोन; आणि तोहि अभ्यास व घरकाम झाल्यावर. भाग संपतांच पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती बंद करावी. पुढें काय होईल याचा विचार करण्यास एक रात्र मिळाली म्हणजे कथा मनांत मुरते. शक्य असल्यास मूळ जपानी आवाज ठेवून खालील अक्षरें वाचावीं. इंग्रजीचें वाचन त्यानें झपाट्यानें सुधारतें, आणि जपानी कानावर पडते. ही भाषा मराठी मुलास वाटते तितकी दूरची नाहीं. 'मी भात खातो' हें जपानींत 'वाताशि वा गोहान ओ ताबेमासु' असें होतें. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम आपलाच, आणि प्रत्यय शब्दाच्या मागून लागतात तेहि आपल्यासारखे. तेथील अक्षरमाला अ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होऊन पुढें क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमानें जाते. बौद्ध भिक्षूंनीं केलेल्या संस्कृताच्या अभ्यासाची ती खूण होय. जपानी शिकण्याची सोय पुण्यांत चांगली आहे, आणि जिल्ह्यांत जपानी कारखाने असल्यामुळें त्या भाषेस मागणीहि आहे. एखाद्या विद्यार्थ्याची वाट मालिकेपासून त्या वर्गापर्यंत गेली तर आम्हांस आनंदच होईल. तरी भाषा केवळ पाहून येत नाहीं; त्यासाठीं वही घेऊन बसावें लागतें, हें विसरूं नये.

शेवटीं एका शंकेचें निरसन करितों. "हीं सारीं परदेशचीं चित्रें, त्यांत आपल्या मुलांनीं काय म्हणून गुंतावें?" असें कोणी विचारील. १९६८ सालीं जपानांत बेसबॉलवरील एक मालिका फार गाजली होती. तिच्याच आधारानें २०१२ सालच्या डिसेंबरांत 'सूरज: द रायझिंग स्टार' ही मालिका आपल्याकडे दाखविण्यांत आली, तींत बेसबॉलच्या जागीं क्रिकेट आलें व कथा मुंबईच्या गरीब वस्तींत घडली. गोष्टी अशाच देशोदेशीं फिरतात व जेथें जातात तेथलें पाणी पितात. होक्काइदोच्या शेतकऱ्याच्या मुलीनें आपला गोठा जगापुढें मांडला, म्हणून आज तो आपण पाहतों. शिरूर तालुक्यांतील चाऱ्याचा भारा, बैलगाड्यांची शर्यत, संकष्टीची महागणपतीची गर्दी, वसाहतींतल्या पाळीचा भोंगा, हें सारें अद्याप कोणीं चितारलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. तें चितारावयास आमच्यांतलाच कोणी हवा. त्यास चांगलें पाहण्याची संवय आतांपासून लागली पाहिजे.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एक मालिका निवडा, एकच, आणि ती शेवटपर्यंत पाहा. घरांतील एका तरी वडील माणसास शेजारीं बसवा. संपल्यावर एका पानावर तीन गोष्टी लिहा: कोणतें पात्र बदललें, तें कशामुळें बदललें, आणि आपल्या गांवांत तसें कोणी आहे काय. सुटी संपल्यावर हीं पानें मराठीच्या तासाला वर्गांत वाचून दाखवावीं, आणि मधल्या सुटींत कोणी नवखा "कोठून सुरुवात करावी?" असें विचारील, तेव्हां आपलें पान त्याच्या हातीं द्यावें.